बापूंच्या गाडीचा स्पार्क

आमच्या सोसायटीतले निकमबापू कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय तिला चांगली म्हणत नाहीत. उभा जन्म वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गेला. कांदा वरून कितीही देखणा असो, मधोमध कापायचा आणि मगच भाव बोलायचा. ती सवय त्यांनी कामोठ्यात घरीही आणली. त्यांच्या सत्तरीला मी हौसेनं भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर पाहुण्यांसमोरच त्यांनी त्याचे स्क्रू काढले, आत डोकावले आणि म्हणाले, "बरं हाय." हे बापूंचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकींच्या पुरणपोळीलाही ते मिळतं, पण आधी पोळी फोडून.

अशा माणसाची गाडी बंद पडली, तीही गावच्या जत्रेच्या तोंडावर. गाडी जुनी, चौकोनी, त्यांच्या धाकट्या लेकीपेक्षा वयानं मोठी. दरवर्षी बापू स्वतः ती चालवत काकींना साताऱ्याकडच्या गावी नेतात. देवळासमोर ती उभी राहिल्याशिवाय जत्रा झाली असं ते मानतच नाहीत. आणि आदल्या दिवशी ठणठणीत असलेली ही गाडी एके सकाळी नुसती खर्रखर्र करायला लागली. स्पार्कच नाही.

"जत्रंला गाडीनंच जानार," बापूंनी पार्किंगमध्ये जाहीर केलं. "आन मेकॅनिकला हात लावू देनार न्हाई. आवं, एकेकाला सुट्टं करायचं. सापडतंय."

या कामात मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली. मला कुणी विचारलं नव्हतं. मी वरच्या मजल्यावर राहतो आणि संध्याकाळी लवकर घरी येतो, एवढी पात्रता पुरली. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आणि किल्ली फिरवायची. बापू बॉनेटखाली प्लग काढून इंजिनाला टेकवून धरणार आणि ओरडणार, "मारा सेल्फ!"

मी मारायचो आणि विचारायचो,

"दिसला का स्पार्क?"

"अंधार!"

बॅटरी चार्ज करून झाली, अंधार. प्लग नवे आले, तरी अंधार. मग संशय कंडेन्सरवर गेला. हा करंगळीएवढा पत्र्याचा डबा बापूंनी काढला, हॅक्सॉनं उभा चिरला आणि आतली गुंडाळी निरखून हळहळले, "चांगला हुता की वो."

"होता," मी म्हणालो. नवा आणावा लागला.

रोज काकी गॅलरीतून विचारायच्या, "सापडलं का वो?"

"न्हाई! पन सोडत न्हाई!"

काकी लगेच आत दिवाबत्तीला जायच्या. माझी बायको मात्र वैतागायची. एकदा तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "उद्यापासून अंथरूणही पार्किंगमध्येच टाका."

मग मीही इरेला पेटलो. जत्रा दोन दिवसांवर आली होती आणि एवढे कष्ट उपसून म्हातारा म्हातारी घरीच बसणार, हे मला सोसवेना. मोबाइलवर बघून मी कॉइलमधून निघणारी जाड वायर इंजिनाजवळ बांधली आणि आमच्या वॉचमनला सेल्फ मारायला लावला. चट्ट! चांगली निळी ठिणगी. म्हणजे कॉइलपर्यंत सगळं ठीक होतं, प्लगपर्यंत पोचत नव्हतं. मध्ये होतं फक्त डिस्ट्रिब्युटरचं काळं झाकण. तिथूनच तो करंट चारी प्लगना वाटला जातो.

वॉचमन गेला तसं मी विचारलं, "बापू, हे उघडून बघितलंत?"

"त्याला काय हुतंय? ते बरं हाय."

न उघडता बरं? बापूंच्या तोंडून? ते मला अडवायच्या आत मी दोन्ही क्लिपा सोडल्या. झाकणाखाली करंट वाटणारा, रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा फिरत असतो. तो जागेवर नव्हताच.

"बापू, चोरी!"

"हळू बोला." त्यांनी गॅलरीकडे बघितलं आणि घाईनं झाकण बसवलं. "हिनं काढलाय. मार्केटाभाईर गाडी लावली की कुनी पळवू नये म्हनून आमी रोटर काढून खिशात टाकायचो. हिला मीच शिकवलंवतं."

"पण काकींनी का काढला?"

बापू फडक्याला हात पुसत राहिले. "मागल्या म्हैन्यात कळंबोली सर्कलला कंटेनर आला हिच्या बाजूनं. मला दिसलाच न्हाई. ही किंचाळली म्हनून वाचलो. घरी आल्यावर एका शब्दानं बोलली न्हाई. आन आता गावाला जायची येळ आली, तवा रोटर गायब. देव्हाऱ्यात ठेवलाय, अन्नपूर्णेच्या मागं. रोज कुंकू लावती त्याला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग तो कंडेन्सर कशाला चिरलात?"

"ते बघायचंच हुतं कवातरी." मग आवाज उतरला. "कळलंय म्हनलं तर ती रडंल आन आनून देईल. हातात आला की मी चालवनार. माझा मला भरवसा न्हाई."

"सापडलं का वो?" वरून काकी.

बापूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "न्हाई गं! हरलो! एस्टीची तिकिटं काढू!"

"काढते की! आत्ता काढते!" काकींचा इतका मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बापूंनी बॉनेट लावलं. सवयीनं ड्रायव्हरच्या दारापर्यंत गेले, थबकले आणि वळसा घालून पलीकडे काकींच्या जागेवर जाऊन बसले. मग बाजूच्या काचेतून बाहेर बघत राहिले.

"हितनं त्यो कंटेनर," ते म्हणाले, "केवढा दिसला असंल वो तिला."