दहा लाख तीनला भाग जात नाही

डोळ्यांच्या सरकारी रुग्णालयात वशिलेबाजी फार बोकाळली, तेव्हा अधीक्षकांनी गणिताचा आधार घेतला. गणिताला मामा-काका नसतात, असं त्यांनी परिपत्रकात नमूद केलं. पाच डॉक्टरांना दोन, तीन, पाच, सात आणि अकरा हे क्रमांक देण्यात आले. रुग्णाच्या नोंदणी क्रमांकाला ज्याच्या क्रमांकाने भाग जाईल, त्याने ऑपरेशन करायचं.

कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला क्रमांक मिळाला दहा लाख तीन.

खिडकीवरच्या कारकुनाने पाचही भागाकार केले. "दोनने एक उरतो, तीनने एक, पाचने तीन, सात नि अकराने चार. आजी कुणाकडेच जात नाहीत. पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात भाग जाईल?"

"प्रयत्न करू."

पुढच्या महिन्यात गेला नाही. आई चहात मीठ घालू लागली होती आणि चुलीशी हाताने चाचपत वावरायची. एकदा पदर पेटता पेटता राहिला. मुलगा अधीक्षकांकडे गेला.

"साहेब, नंबर बदलून द्या. दहा लाख चार द्या."

"तो दुसऱ्याचा आहे."

"मग नवी नोंदणी करतो."

"एका रुग्णाच्या दोन नोंदी? आत जाल."

तरीही अधीक्षक मनाने वाईट नव्हते. त्यांनी गणिताच्या प्राध्यापकांना पाचारण केलं. प्राध्यापकांनी अहवाल दिला की ही मूळ संख्या आहे. तिला एकने किंवा स्वतःनेच भाग जातो. त्यावर एक क्रमांकाचा डॉक्टर नेमावा असं ठरलं. पण एक नंबरचा कोण, यावरून पाचही डॉक्टरांचं बोलणं बंद झालं. उरला दुसरा मार्ग. दहा लाख तीन क्रमांकाच्या डॉक्टरचं पद निर्माण करण्याचा प्रस्ताव वित्त विभागाकडे गेला. आधीची दहा लाख दोन पदं भरल्याशिवाय हे भरता येणार नाही, असा शेरा मारून तो परत आला.

दरम्यान प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. कुणाकडूनही न विभागली जाणारी ही संख्या शहराच्या ताठ कण्याचं प्रतीक आहे, हे वाचून लोकांचा ऊर भरून आला. आईचा जाहीर सत्कार ठरला. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलाने आईला हाताला धरून, एकेक पायरी सांगत मंचावर नेलं. अधीक्षकांनी मानपत्र दिलं. आईने त्यावरून बोटं फिरवली.

"कागद छान गुळगुळीत आहे," ती माइकवर म्हणाली. "ऑपरेशन कधी करताय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय स्पष्टवक्ती बाई, असं म्हणत आपण सगळे उभे राहिलो. पुढच्या रांगेत कोण होतं, मागे कोण होतं, सर्वांत जोरात टाळ्या कुणी वाजवल्या, हे तिने नंतर कुणालाच सांगितलं नाही. तिला दिसत नव्हतं, म्हणून आपण वाचलो.