सकरूबाईंची दहा लेकरं

सकरूबाई बाहेर पडताना दाराची कडी लावण्यापूर्वी क्षणभर थांबत आणि मागे पाहून म्हणत, “चला बे लवकर.” घरात दुसरे कोणीही नसे.

उंद्रीजवळच्या वस्तीवरच्या या म्हाताऱ्या सुईणीची आणि माझी ओळख गोवराची लस गावोगाव नव्याने पोहोचू लागली तेव्हाची. लस टोचण्याचे काम माझे, मुले गोळा करण्याचे त्यांचे. बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की नाही, हे त्या पिकांवरून सांगत. “कापसाच्या पयल्या येचनीले झालं, आता मुगाले शेंगा आल्या. झाले नऊ.” माझ्या कार्डावरच्या तारखा चुकत, त्यांचे पीक चुकत नसे. गोवराला त्या ‘थे बाई’ म्हणत. शेजारच्या गावी गोवर आल्याचे कळले की उंबऱ्यावर उभ्या राहून रिकाम्या वाटेला दटावत, “इकडं काई काम नाही तुह्यं.”

एका कुपीत दहा मुलांची लस असे. कुपी फोडली की उरलेली लस त्याच दिवशी फेकावी लागे. म्हणून दहा मुले जमल्याखेरीज कुपी फोडायची नाही, असा नियम मी केला होता. तो माझाच होता. वरिष्ठांच्या नावावर ढकलण्याची सोय मला नाही.

त्या दिवशी शाळेच्या ओसरीत सात मुले जमली.

“दहा हाएत,” सकरूबाई म्हणाल्या. “तीन त्या भिताडापाशी बसले.”

भिंतीपाशी कोणी नव्हते. मात्र आयांच्या कडेवरची सातही बाळे तिकडेच टक लावून पाहत होती. विमल नावाच्या मुलीने तर हसून हात पुढे केला.

“थट्टा नको, सकरूबाई. पुढच्या महिन्यात येतो.”

“तुमची बाटली लय नाजूक हो, साहेब. लेकरं काय लोखंडाची हाएत?”

मी पेटी बंद केली.

पुढच्या महिन्यात गेलो, तोवर वस्तीत गोवर शिरला होता. विमल त्यात गेली. उरलेली सहा मुले आली. मी न मोजता कुपी फोडली.

सहाही जणांना टोचून झाले, तरी सकरूबाई जागच्या हलेनात. “आता या चौघायले,” त्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

जे पूर्वीच विचारायला हवे होते, ते मी तेव्हा विचारले. “कोणाची मुले ही?”

“तीन माह्ये. थे बाई एकाच हप्त्यात घेऊन गेली. तवा सुई नोती.” मग मला लागू नये अशा बेताने, अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, “चवथी तुमची. घोर नोका करू, साहेब. माह्यापाशी रमली हाय थे.”