साहासष्ट औटे

तासगावात शंभरापर्यंत औटकी पाठ असलेला मी एकटाच उरलोय, आणि हे मी नम्रपणे सांगतोय! औट म्हणजे साडेतीन. हल्लीच्या लोकांना साडेतीनची पट काढायला यंत्र लागतं. सत्त्याण्णव साली मी यंत्रालाच औटकी शिकवायला निघालो होतो.

कारण आमची नात. लेकानं, राजसनं, टेक्सासहून स्वानंदीची पहिली पावलं सीडीवर घालून पाठवली होती. तिला आम्ही अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. फिल्म नऊ सेकंदांची, पण आमचा संगणक ती मागून आणलेल्या बैलासारखा ओढायचा. पोर पाऊल उचलायची, पुतळा व्हायची, आणि एकदम हात पसरून समोर! मधली पावलं गडप. माझी बायको शरयू पडद्याला नाक लावून ती शोधत बसायची.

शेवटी कॉम्प्युटर क्लासवाल्या भाऊसोला बोलावलं. त्यानं डबा उघडून समजावलं, की मदरबोर्ड साहासष्टचा ठेका धरतो, मेमरी त्या ठेक्यावर चालते आणि प्रोसेसर त्याच्या अडीच पट पळतो. ही पट ठरवतं तांदळाएवढं एक प्लॅस्टिकचं टोपण. त्याला जंपर म्हणतात. शरयूनं आतून विचारलं, कुणाचा झंपर काढताय?

मी तिकडे कानाडोळा केला. साहासष्ट अडीचे एकशे पासष्ट. साहासष्ट औटे दोनशे एकतीस!

"आन्ना, लय तापंल," भाऊसो म्हणाला.

मी म्हटलं, तापू दे, वर द्राक्षं पसरू, दुपारपर्यंत बेदाणे होतील.

भाऊसोनं डब्यात डोकं घातलं आणि जंपर कितीवर लावू म्हणून विचारलं. मी खणखणीत सांगितलं, "औट!"

गडी पुण्यात शिकलेला. त्यानं ऐकलं 'आउट'. जंपर उपटला, तो टुणकन उडाला. आणि जंपर नसला, की हे यंत्र आपोआप दीडपटीवर उतरतं. साहासष्ट दिडे नव्व्याण्णव!

भाऊसो खाली बसून जंपर शोधू लागला. शरयूला कुठला धीर, तिनं तेवढ्यात यंत्र चालू करून फिल्म लावली. आता तर यंत्रानं पळायचा नादच सोडला. एकेक चित्र सावकाश मांडायला लागलं. स्वानंदीनं उचललेलं पाऊल खाली टेकेपर्यंत माझा चहा निवला. मी कपाळाला हात लावला.

शरयू मात्र पडद्यावरून नजर हलवेना. मग हळूच म्हणाली, "अहो, मध्ये घाबरते ती. खुर्चीला धरते. मग हसते. हे आपल्याला कधी दिसलंच नव्हतं."

मीही उठून पडद्याजवळ गेलो. पोर खुर्ची सोडायला अजून बराच वेळ होता.

कॉटखालून भाऊसोनं विचारलं, "आन्ना, गावला का जंपर?"

जंपर माझ्या डाव्या तळव्याला टोचत होता.

"न्हाई रं," मी म्हणालो, आणि पाय तसाच ठेवला.