दिवाबत्ती खात्याची बत्तिशी

एका सोमवारी दिवाबत्ती खात्याच्या साहेबांची दाढ दुखू लागली आणि संपूर्ण खात्याच्या तोंडाकडे प्रशासनाचे लक्ष गेले.

साहेब दंतवैद्याकडे गेले. त्याने दाढ पाहिली आणि सांगितले, की फळे आणि कच्च्या भाज्या रोज नीट चावून खात जा. चावताना लाळ सुटते, दात घासले जातात, हिरड्या घट्ट राहतात. दिवसभर गोड चहा आणि बिस्किटे चालू राहिली तर मात्र कुठलीही पेस्ट उपयोगी पडणार नाही. सल्ला साधा होता. दुसरा कोणी असता तर घरी जाताना गाजरे घेऊन गेला असता. साहेबांनी परिपत्रक काढले.

परिपत्रकानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याने दुपारच्या चहा-बिस्किटांनंतर विभागप्रमुखासमोर एक गाजर, काकडी किंवा सफरचंद चावणे बंधनकारक झाले. या कृतीला 'सामूहिक चर्वण' असे नाव देण्यात आले. चहा आणि बिस्किटे बंद करावीत असे कोणी सुचवले नाही, कारण ती आधीच्या साहेबांची योजना होती. खिडकीवर गल्लीतला दिवा बंद असल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आतून नुसते कुरुमकुरुम ऐकू येई. त्याने फार हटकले तर एखादा कारकून तोंडापुढे बोट धरून कामात असल्याचे सुचवी.

हेडक्लार्क नानांची या प्रकारात मोठी पंचाईत झाली. नानांचे दात खात्यात सगळ्यांत सुंदर होते. पांढरेशुभ्र, एका ओळीत, जणू पट्टी लावून आखलेले. ते तसे असायला कारण होते. ते कवळीचे होते. ही गोष्ट नानांच्या बायकोला ठाऊक होती, आणि त्यांच्या उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या वाटीला. नाना रोज गाजर तोंडाशी नेत, गालातल्या गालात घोळवल्यासारखे करत आणि विभागप्रमुखाची पाठ वळली की टेबलाच्या खणात टाकत. काही दिवसांनी खणाला वास येऊ लागला. त्याबद्दल उंदरांना जबाबदार धरण्यात आले.

अशात साहेबांची नजर नानांच्या हसण्यावर पडली. योजनेचे फळ इतक्या लवकर दिसेल असे त्यांनाही वाटले नव्हते. त्यांनी नानांना 'आदर्श दंतधारक' घोषित केले आणि जिन्यापाशी त्यांचा हसरा फोटो लावला.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि साहेबांना खरे काय ते सांगून टाकायचा सल्ला दिला.

"आता सांगितलं तर साहेब तोंडघशी पडतील," नाना म्हणाले.

"आणि नाही सांगितलं तर हे पडतील," असे म्हणून तिने वाटीकडे बोट दाखवले.

नानांनी वाटीवर झाकण ठेवले. निवृत्ती जवळ आली होती. आयुष्यभर कोणी त्यांच्याकडे वळून पाहिले नव्हते. आता जिन्यावरून जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या फोटोपाशी क्षणभर थांबत होता. एवढे सोडवेना.

योजनेची कीर्ती वर पोहोचली आणि संचालकबाई पाहणीला आल्या. खुर्च्या मांडल्या गेल्या. साहेबांनी प्रास्ताविक केले. मग नानांच्या हातात एक टणक, मोठे सफरचंद देण्यात आले. नानांनी डोळे मिटले, देवाचे नाव घेतले आणि चावा घेतला. कर्रकन आवाज झाला. नानांनी सफरचंद बाजूला केले तेव्हा दात त्याच्यासोबत गेले होते.

दालनात दातखीळ बसल्यासारखी शांतता पसरली. नानांचे गाल रिकाम्या पिशवीसारखे आत गेले. जमीन दुभंगावी आणि आपण तिच्यात जावे, सफरचंदासकट, असे त्यांना वाटले. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

संचालकबाईंनी सफरचंद मागवून घेतले. चष्मा लावला आणि ते चहू बाजूंनी फिरवून पाहिले.

"इतकी सोयीची तपासणी मी कुठल्याच खात्यात पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "बाकी ठिकाणी लोकांना आ करायला लावावं लागतं. इथे दात स्वतःहून टेबलावर येतात."

मग त्यांनी निष्कर्ष सांगितले. कीड नाही. डाग नाही. हिरड्यांतून रक्त येण्याचा प्रश्न नाही, कारण दात हिरड्यांत नाहीत. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. ही आमची नवी कार्यपद्धती आहे, लवकरच सर्वांना लागू करू, असे त्यांनी जागच्या जागी जाहीर केले.

त्यापुढचे सगळे ओघाने आले. सर्व कर्मचाऱ्यांचे दात तपासणीसाठी सादर होणे आवश्यक ठरले. नैसर्गिक दात सादर करून परत बसवता येत नाहीत अशी तांत्रिक अडचण निघाली, तेव्हा ते कायमचे सादर करावेत असे ठरले. कर्मचाऱ्यांनी दातओठ खाल्ले. काही दिवसांनी ओठच उरले. मग गाजर कोणालाच चावेना. म्हणून गाजरांचा रस काढण्यात आला, तो घशाखाली उतरावा म्हणून त्यात साखर घालण्यात आली आणि रसाबरोबर बिस्कीट बुडवून खाण्याची मुभा मिळाली. किडक्या दातांचे प्रमाण शून्यावर आले.

फक्त एक टायपिस्ट अडून बसली. ती परिपत्रकाच्या कितीतरी आधीपासून घरून काकडीचे काप आणि एखादे फळ डब्यात आणून खात असे. दात खणखणीत, हिरड्या गुलाबी. दंतवैद्याने सांगितलेल्या गोष्टीचा अख्ख्या खात्यात तेवढाच जिवंत पुरावा होता. तिच्यावर असहकाराचा ठपका आला आणि नोटीस द्यायला नानांना पाठवण्यात आले.

ती तेव्हा सफरचंद खात होती. नाना उभे राहून तो आवाज ऐकत राहिले.

"नाना, चव आठवते का हो याची?" तिने विचारले.

नाना तिच्यासमोर बसले. ऐन तिशीत दात घासताना रक्त येई, तेव्हा आपण पाण्याने चूळ भरून विषय संपवत असू, हे त्यांनी तिला सांगितले. नंतर एकेक दात हलू लागला. दुखायचे थांबले की त्यांना वाटे, बरे झाले.

"बाई, काही झालं तरी ते दात देऊ नका," ते खालच्या आवाजात म्हणाले.

आणि मग त्यांनी नोटिशीवर तिची सही घेतली.

तिची बदली फुटक्या दिव्यांच्या गोदामात झाली, जनतेला तिचे दात दिसू नयेत म्हणून. जेवणाच्या सुट्टीत नाना अधूनमधून तिकडे जात. ती चमच्याने सफरचंद खरवडून द्यायची, ते मान खाली घालून खायचे. सुट्टी संपली की ते कार्यालयात परतत आणि रस वाटपावर देखरेख करत.

पुढे ही हकीकत बाहेर फुटली आणि लोक पोट धरून हसले. खाते घाबरले नाही. आपल्या भाषेत हसण्यालाही दात काढणेच म्हणतात, हे साहेबांच्या लक्षात आले. जनतेने योजनेत उत्स्फूर्तपणे दात काढले, असे त्यांनी वर कळवले.

वाचता वाचता तुम्हीही थोडे काढलेच असतील. लाभार्थ्यांत तुम्हाला धरले आहे.