मुलाणी गुरुजींचं ‘आन् मग?’

आमच्या शाळेत गोष्ट संपवायला बंदी आहे. चपला घालून वर्गात येऊ नये, पाण्याच्या टाकीत हात घालू नये आणि गोष्टीचा शेवट लिहू नये, असे नियम मुलाणी गुरुजींनी व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवून घेतलेत. पहिले दोन मोडले तर गुरुजी काणाडोळा करतात. तिसरा मोडला तर मैदानाला एक फेरी. खाली ‘तात्पर्य’ लिहिलं असेल तर दोन.

माण तालुक्यातल्या एका वाडीवरची ही शाळा. शिक्षक दोनच, मुख्याध्यापक मुलाणी गुरुजी आणि मी. मी मूळची वाईची. आमच्या घरात गोष्टीला शेवट असतो, शेवटाला तात्पर्य असतं आणि तात्पर्य बरोबर सांगणाऱ्याला दुसरा लाडू मिळतो. त्यामुळे रुजू झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी चौथीतला समाधान भर उन्हात मैदानात पळताना दिसला, तेव्हा मी घाबरून विचारलं, काय केलंस रे बाबा? तो धापा टाकत म्हणाला, “ससा हारला म्हून लिवलं, बाई.”

गुरुजी उंचीनं बेताचे, पण पोट बेताचं नाही. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. एक स्वतःचं आणि एक ‘आज पेन न्हाई आनलं’ म्हणणाऱ्यासाठी. निवृत्ती जवळ आली आहे, पण चालताना अजून वाटेतला प्रत्येक दगड पायानं बाजूला करत जातात. तोंडात शिवी नाही, सुपारी नाही. एकच व्यसन, ते म्हणजे ‘आन् मग?’

कुणी काहीही सांगो, गुरुजी मान तिरकी करून म्हणणार, “आन् मग?” वाडीत कुणी गेलं की भेटायला जातात. तिथं शहाण्यासुरत्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही, गुरुजींना तो प्रश्नच नाही. म्हातारी पहाटे गेली, असं मुलगा डोळे पुसत सांगतो. गुरुजी हळूच म्हणतात, “आन् मग?” मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भुईत जावंसं वाटलं. पण लोक उत्तर देतात. बोलता बोलता म्हातारीनं आदल्या दिवशी सुनेला चोरून खाल्लेली जिलबी बाहेर येते, सून रडता रडता हसते, आणि मागून सगळे म्हणतात की गुरुजी येऊन गेले, बरं वाटलं.

शुक्रवारचा शेवटचा तास लेखनाचा. त्यात ‘माझी आई’, ‘माझी शाळा’ आणि ‘माझा आवडता प्राणी’ हे विषय वर्ज्य. दारात मेंढरांचा कळप असणारी पोरं आवडता प्राणी हत्ती लिहीत, त्याचा गुरुजींना फार राग. “हत्ती कवा आलता रं तुज्या घरला?” असं विचारून त्यांनी एकेकाचा हत्ती काढून घेतला.

त्यांचे स्वतःचे विषय असे. शाळेच्या घंटेनं किरकोळ रजा टाकली. वाडीमागचा डोंगर उठून दुसऱ्या गावाला राहायला गेला, तर त्याला परत आणायला कुणाला धाडावं आणि त्यानं काय बोलावं? घरातल्या एका वस्तूला तोंड फुटलं. हा शेवटचा विषय चांगलाच पेटला. सरपंचांच्या नातवानं आजोबांच्या मोटरसायकलला तोंड फोडलं, आणि तिनं सांगून टाकलं की मला रोज सांजच्याला ढाब्यावर नेतात आणि घरी पंचायतीची मीटिंग म्हणून सांगतात.

सरपंच तणतणत शाळेत आले. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेऊन विचारलं, “आन् मग?” सरपंच तासभर बसले. मोटरसायकलनं जे पोटात ठेवलं होतं तेही सांगून गेले.

आता गुरुजींच्या संध्याकाळबद्दल सांगायला हवं, कारण त्याबद्दल सगळी वाडीच सांगत असे. आमच्याकडे मोबाईलला रेंज नाही. ती मिळते फक्त शाळेमागच्या टेकाडावर, एका मोठ्या धोंड्याजवळ. त्याचं नावच रेंजचा धोंडा. मुंबईला गेलेल्या नवऱ्यांशी भांडायला बायका तिथंच येतात. शाळा सुटली की गुरुजी पोरांनी लिहिलेले कागद काखोटीला मारून धोंड्यावर जात आणि फोनवर बराच वेळ बोलत बसत. खालून दिसे ते एवढंच की गुरुजी हातवारे करताहेत, मेंढीसारखी मान हलवताहेत, मध्येच मांडीवर थाप मारून हसताहेत.

आमची खिचडी शिजवणारी सखूआक्का एकदा परात घासता घासता मला म्हणाली, “बाई, पलीकडं बाईमानूस हाय. म्या बोलनं न्हाई ऐकलं, पर पुरुषाचं हसनं वळखाय येतं.”

मी तिला दटावलं. पण मलाही वाटून गेलं की पाणी मुरतंय खरं. गुरुजींचं घर सांगलीकडे, कुपवाडला. मुलगा तिथल्या एका कारखान्यात लेथवर, बायको त्याच्याजवळ. तिकडे बदली व्हावी म्हणून गुरुजी कधीपासून अर्ज करत होते, पण जिल्हा बदलून जाणं म्हणजे डोंगर हलवण्यापैकीच. घरचं कसं आहे म्हणून विचारलं की “बरं हाय” म्हणत आणि खडू शोधायला लागत. सगळ्या वाडीला ‘आन् मग?’ विचारणाऱ्या या माणसाला ते उलट विचारायची सोय नव्हती.

मग आमचे केंद्रप्रमुख आले. तालुक्याच्या कथालेखन स्पर्धेला आमच्या शाळेनं गोष्टी पाठवल्या होत्या, त्या सगळ्या बाद होऊन परत आल्या. एकाही गोष्टीला शेवट नव्हता. साहेबांनी कागद टेबलावर आपटले. सुरुवात, मध्य, शेवट आणि तात्पर्य असलेली गोष्ट पुढच्या भेटीत प्रत्येक मुलाकडून हवी, असा हुकूम सोडला. गुरुजी सवयीनं म्हणाले, “आन् मग?”

“मग लेखनाचा तास बंद. त्या वेळात पाढे घ्यायचे.”

त्या प्रश्नाला असं रोखठोक उत्तर मिळालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला. तास जायचा तर त्यांचा जीवच जायचा, हे मलाही कळत होतं. पण मी साहेबांच्या बाजूची होते आणि गुरुजींना तसं तोंडावर सांगितलं. कोमलचीच गोष्ट घ्या, म्हटलं. चौथीतली कोमल, वडील मुंबईच्या मार्केटात पोती उचलतात. तिच्या गोष्टीतली चांदी नावाची मेंढी, आपला मालक तिकडे जेवतो काय हे बघायला दहिवडीहून एसटीत बसून मुंबईला गेली होती. वाटेत कंडक्टरशी अर्ध्या तिकिटावरून भांडली, दादरला उतरून पोलिसाला मार्केटचा रस्ता विचारला. दिवाळीपासून ती मेंढी मुंबईत हिंडत होती. तिनं कधी घरी यायचंच नाही का?

गुरुजींनी परत आलेले कागद गोळा करून नीट लावले. शेवटी म्हणाले, “शेवट तुमीच शिकवा, बाई. मला न्हाई यायचा. पर एखादी तरी गोष्ट उघडी ठेवा.”

मी काही ठेवली नाही. काम हातात घेतलं की मी ते अर्धं सोडत नाही. पुढच्या शुक्रवारी मी अशी काही कंबर कसली की तास संपेपर्यंत शाळेत एक गोष्ट शिल्लक राहिली नाही. डोंगर परत आला. घंटा कामावर रुजू झाली. सरपंचांच्या मोटरसायकलनं सरपंचांची माफी मागितली. कोमलनं चांदीला मुंबईहून आणून दावणीला बांधलं आणि खाली लिहिलं, ‘आणि सगळे सुखाने राहू लागले. तात्पर्य : आपले घर ते आपले घर.’ मी तिला वर्गासमोर शाबासकी दिली. गुरुजींनी सगळे कागद गोळा केले आणि नेहमीसारखे टेकाडाकडे गेले, पण पायानं एकही दगड बाजूला न करता.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात राहिलीय. खरं सांगायचं तर किल्ली सोमवारी मिळाली असती तरी चाललं असतं. पण सखूआक्कानं पेरलेलं उगवायचं थोडंच राहतं? मी टेकाड चढले.

गुरुजी धोंड्यावर पाठमोरे बसले होते. फोन मांडीवर, आवाज मोठा केलेला. ते कोमलची गोष्ट वाचत होते. ‘आणि सगळे सुखाने राहू लागले’ इथं येऊन थांबले. पलीकडून एका बाईचा जड, ओढलेला आवाज आला.

“मग?”

“संपली,” गुरुजी म्हणाले.

“मग?”

त्यांनी घाईनं दुसरा कागद काढला, डोंगर परत आल्याचं सांगितलं. पलीकडून पुन्हा तेच. घंटेचं सांगितलं, मोटरसायकलचं सांगितलं. ते कागद उलटत होते आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी मी गाठ मारून ठेवली होती. पलीकडची बाई वाट बघत होती. गुरुजींनी टोपी काढून कपाळ पुसलं, तेव्हा त्यांना मी दिसले. ते दचकले नाहीत. फोनवर तळहात ठेवून म्हणाले, “आमच्या घरच्या हायत, बाई. रशिदा.”

मी आणखी दोन पावलं वर गेले.

“लकवा मारला तवा समदं बोलनं गेलं. लय बोलायची वो. म्या घरात पाऊल टाकलं की शाळेत काय झालं ते सांगायचं, आन् ही मग, मग करीत भाकरी थापायची. घरात आमी दखनीत बोलतो, पर ऱ्हायला तो ह्यो मराठी शब्द.” ते फोनकडे बघत थोडं हसले. “तिला दुसरं काय बोलाय येत न्हाई. म्हून गोष्ट फुडं न्यावी लागती.”

भिंतीवरचा तो तिसरा नियम, मैदानावरच्या त्या फेऱ्या, ते डोंगर आणि त्या घंटा, सगळ्याची संगती एकदम लागली. त्या माणसाची मला इतकी माया आली की तिथंच त्यांच्यासमोर रडू कोसळेल असं वाटलं. ते नको म्हणून मी धोंड्याच्या कडेला बसले आणि हात पुढे केला. गुरुजींनी फोन दिला.

“भाभी, मी इथली दुसरी बाई बोलतेय,” मी म्हटलं. “कोमल म्हणते सुखानं राहिले, पण ते काही खरं नाही. ती मेंढी मुंबईहून रिकाम्या हातानं आलेली नाही.”

पलीकडे श्वास ऐकू आला. मेंढीला हात कुठले, हा विचार बहुतेक आम्हा तिघांच्याही मनात आला असावा.

“मग?”

मग काय! वाईच्या घराण्यात जन्मलेली मी, त्या दिवशी त्या धोंड्यावर बसून, खाली मेंढरं वाड्यात परत येईपर्यंत थापा मारत होते. चांदीनं मुंबईहून मालकाचं जुनं धोतर आणलं इथपासून सुरुवात केली, आणि ते धोतर कुणी पळवलं इथपर्यंत आणून सोडलं. गुरुजी माझ्याकडे बघत मान तिरकी करून ऐकत होते. किल्ली मागायची राहूनच गेली.

ठरल्याप्रमाणे केंद्रप्रमुख आले. मुलांनी आपापली गोष्ट शेवटासकट, तात्पर्यासकट घडाघडा वाचली. साहेब खूश झाले, तास चालू ठेवा म्हणाले, माझं खास कौतुक केलं. त्यांची गाडी लिंबापाशी वळते न वळते तोच मी वर्गाकडे वळले आणि म्हटलं, “हं. आन् मग?”

पोरं माझ्याकडे बघतच राहिली. व्हरांड्यात घंटेपाशी उभ्या असलेल्या गुरुजींनी टोल द्यायला उचललेला हात तसाच खाली घेतला. मग एकेकानं तात्पर्यावर काट मारली आणि त्याच्या खाली लिहायला सुरुवात केली.

कोमलला मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर टेकाडावर नेलं. गुरुजींच्या घरच्यांना तुझी गोष्ट ऐकायचीय, एवढंच सांगितलं. मी धोतराची भर घातल्याचं कानावर घातलं, तर ती माझ्यावर नाराज झाली.

“धोतार कशाला, बाई? आमचं पप्पा प्यांट घालत्यात.”

ती धोंड्यावर मांडी घालून बसली, फोन दोन्ही हातांत धरला आणि वाचायला लागली. “चांदी घरी आली. तिला दावणीला बांधली. पण तिचे ध्यान मुंबईलाच राहिले. तिला चारा गोड लागेना.”

गुरुजींनी चष्मा काढला आणि तो शर्टाला पुसत दक्षिणेकडे, कुपवाडच्या बाजूला तोंड करून उभे राहिले.

“मग?” फोन म्हणाला.

कोमलनं कागदावरून वर बघितलं. असं मध्येच विचारणारं माणूस तिच्या रोजच्या ओळखीचं होतं, त्यामुळे ती बिलकूल बिचकली नाही.

“सांगते की,” ती म्हणाली. “जरा दम धरा.”

आणि तिनं पान उलटलं.