देवाच्या पायाचं कुरूप

आमच्या अमून देवाच्या नैवेद्यातली पाच भाजलेली बदकं, देवाचं जेवण आटोपण्यापूर्वीच, गाभाऱ्यातून नाहीशी झाली. जेवण आटोपल्यावर नाहीशी झाली असती तर कोणाचीच तक्रार नव्हती. देव नुसत्या नजरेने जेवतो आणि उरलेलं आम्ही पुजारी हुद्द्याप्रमाणे वाटून घेतो, हा पूर्वापार प्रघात आहे. या खेपेला मात्र कोणीतरी देवाच्या आधीच जेवून घेतलं होतं. गुन्हा अन्नाचा नसून क्रमाचा होता, आणि क्रमाच्या बाबतीत आमचं देऊळ फार कडक आहे.

मी केन्ना. वर्षातले नऊ महिने चटया विणतो. दर चौथ्या महिन्याला सेवेची पाळी येते, तेव्हा भुवयांसकट सगळं अंग भादरून, मासळी सोडून, मी पुजारी होतो. पुजारी म्हणजे काय, तर देवाचा भोई. सणाला देवाची मूर्ती ज्या लाकडी होडीत बसते, ती नाव दांड्यांनी खांद्यावर घेणाऱ्या वीस जणांत डाव्या दांड्यावरचा तिसरा मी. माझी योग्यता एवढीच की माझी उंची दुसऱ्याच्या आणि चौथ्याच्या मधली आहे.

लोकांना देवळात प्रवेश नाही, म्हणून सणाला देवच बाहेर येतो आणि त्यांचे तंटे सोडवतो. देव पुढे सरला की 'हो', मागे सरला की 'नाही'. गाढव कोणाचं, भिंत कोणाच्या हद्दीत, सगळं आमच्या खांद्यांवर ठरतं. भोई देवाला हलवत नाहीत, देव भोयांना हलवतो, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मला बारा वर्षांत देवाने एकदाही हलवलं नव्हतं. शेजारचा हलला की मी हलायचो. ही उणीव माझ्यातच असणार, म्हणून मी कोणाजवळ बोललो नाही.

बदकांच्या प्रकरणी दुय्यम पुजारी उसेरहात यांनी नऊ संशयितांची यादी केली. यादी करणाऱ्याचं नाव यादीत येत नसतं, हा नियम त्यांनी काटेकोर पाळला. सणाच्या दिवशी भर उन्हात कारकून एकेक नाव वाचू लागला. सहा नावांना देव ढिम्म राहिला. 'पाशेदू, धोबी' हे सातवं नाव आलं आणि तापलेल्या फरशीवर माझ्या पायाच्या कुरूपातून अशी कळ गेली की मी अर्धं पाऊल पुढे कोलमडलो. पुढच्याला धक्का बसला, त्याला वाटलं देव आला. मागच्यांनी पाहिलं की पुढचे निघाले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच देव आठ पावलं चालून पाशेदूच्या छातीशी येऊन थांबला होता.

हा पाशेदू आमचीच वस्त्रं नदीवर धुतो, मगरींकडे एक डोळा ठेवून. तो म्हणाला की त्याला दुसऱ्या दरवाजाच्या आत कोणी येऊच देत नाही, गाभारा त्याने जन्मात पाहिलेला नाही. कारकुनाने तत्परतेने लिहून घेतलं की आरोपीला आत येण्याची परवानगी नव्हती, अर्थात तो विनापरवाना आला. एका चोरीचे दोन गुन्हे झाले. शिक्षा ठरली ती शंभर फटके आणि दक्षिणेच्या खाणीत जन्मभर दगड फोडणं.

त्या दिवशी घरी जाऊन मी झालं ते सांगितलं. माझी बायको हेनूत भाकरीवर भाकरी थापत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

"कुरूप तुमचं आणि खाणीत जायचं त्याने," ती म्हणाली. "उद्या त्याची बायको आपले कपडे न्यायला दारात येईल. तिला काय सांगू? उठा, जाऊन खरं काय ते बोला."

मी उसेरहातांपुढे जाऊन गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. ते डाळिंब सोलत होते.

"महाराज, तो देव नव्हता. माझा पाय होता."

"सेवेच्या महिन्यात तुझा देह कोणाचा?"

"देवाचा."

"मग पाय?"

"देवाचाच."

"आणि पायाचं कुरूप?"

देवाच्या मालकीची वस्तू स्वतःची म्हणून सांगणं हाही चोरीचाच प्रकार आहे, असं त्यांनी मला समजुतीने सांगितलं आणि दोन दाणे हातावर ठेवले. खरं सांगतो, देवाने आपलं कुरूप सांभाळायला माझ्याकडे दिलं आहे हे ऐकून मला थोडा अभिमानच वाटला. घरी आल्यावर मी ते हेनूतला सांगितलं. तिने त्या दिवशी मला वाढलं नाही.

पाशेदूने अपील केलं. आमच्याकडे एका गावच्या अमूनचा निकाल पटला नाही तर दुसऱ्या गावच्या अमूनकडे जाता येतं. कालव्यापलीकडच्या अमूनच्या भोयांना मात्र पेच पडला. अमून एकच. त्यांचा अमून आमच्या अमूनपेक्षा वेगळं बोलला तर दोघांतला कोणीतरी अमून नव्हे असं ठरणार, आणि देऊळ तर त्यांचंच लहान. त्यामुळे तिथला देव नुसत्या 'पा'वरच धावत सुटला. उरलेलं नाव कारकुनाने देवाच्या मागे पळत पळत वाचलं.

शेवटची दाद पुन्हा आमच्याच देवाकडे, महिन्याअखेरच्या सणाला. या खेपेला मी मनाशी ठरवून गेलो होतो. देवाच्या कामात स्वतःची अक्कल वापरायची ही माझी पहिलीच वेळ होती. कारकुनाने विचारलं, बदकं पाशेदूने चोरली काय? मी टाचा रोवल्या आणि होता नव्हता तो जोर लावून मागे रेटलं. माझ्या मागचा मागे सरला, त्याच्या मागचा सरला, पुढचेही ओढले गेले, आणि देव थेट दरवाजापर्यंत मागे गेला. लोक नाचले. पाशेदू मातीत लोळून रडला. मीही रडलो, नावेच्या आडोशाने. आयुष्यात एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडल्याचं समाधान फार मोठं होतं.

पण बदकं गेलेलीच होती, आणि चोराच्या नावाची जागा मोकळी ठेवून प्रकरण बंद करण्याची आमच्याकडे पद्धत नाही. उसेरहात उठले. यादीच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या हाताने एक नाव लिहिलं आणि कारकुनाला वाचायला दिलं.

"केन्ना, भोई. डावा दांडा, तिसरा."

मी खांबासारखा उभा राहिलो. मग दांडा हलला. कोणी हलवला ते मला ठाऊक नाही, हलवणाऱ्यालाही ठाऊक नसेल. मी देवाच्या खालीच उभा असल्यामुळे देवाला माझ्याकडे येता येईना, म्हणून तो नुसताच पुढे चालू लागला. मला ढकलत नेलं असं म्हणण्याची सोय होती, पण ते खोटं होईल. एकोणीस जण पाऊल उचलत होते, सारा गाव पाहत होता, आणि अशा वेळी आपण एकट्यानेच ताल चुकवणं बरं दिसत नाही. मी पाऊल उचललं. चांगलं तालात उचललं. चार पावलं गेल्यावर तर बदकांची चवही आठवल्यासारखी वाटली.

गर्दीत सर्वांत मोठ्याने देवाचा जयजयकार पाशेदू करत होता. त्याच्यावर माझा राग नाही. जो देव त्याच्या बाबतीत खरं बोलला, तो माझ्या बाबतीत खोटं का बोलेल? तसं पाहिलं तर बदकं त्याने चोरली नव्हती हे मला तरी कुठे ठाऊक होतं? तो तसं म्हणाला होता, एवढंच.

इथे खाणीत दगड फोडताना मी तुमच्यावरही राग धरत नाही. देव मागे सरला तेव्हा तुम्हीही मनात म्हणालातच ना, देवाच्या दारी न्याय आहे म्हणून? त्याला मागे कोणी रेटलं, ते तर मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं.