प्रतिकार शांत करणारं मलम

गुपित ठेवावं तर माझ्यासारख्याने! आठ महिने माझ्या दोन्ही हातांना इसब होतं आणि अख्ख्या महाडात कुणाला पत्ता नव्हता. ऑफिसातही हातमोजे! कुणी विचारलं तर, "आत्ताच बाइकवरनं आलो." दुपारी चारलासुद्धा!

पण वीस मार्च जवळ आला. चवदार तळ्यावर येणाऱ्यांना पाणी द्यायचं काम आमच्या मंडळाचं, आणि पहिला ग्लास माझ्या हातचा. हे लाल, भेगाळलेले हात बघून कुणी ग्लास घेतलाच नाही तर? तेही तळ्यावर?

गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "हे स्टेरॉइड नाही," त्या म्हणाल्या. "त्वचेतला प्रतिकार उगाच भडकलाय. हे मलम तेवढा शांत करतं. खंड पाडू नका."

घरी येऊन आईला शब्दन् शब्द सांगितला. इथेच चुकलं! आमची आई सुंदराबाई म्हणजे आजवर एक मोर्चा न चुकवलेली बाई.

"काय करतं म्हनालास?"

"प्रतिकार शांत करतं."

"आपल्या घरात? प्रतिकार शांत? हे कुनी धाडलंय रे?"

सकाळी ट्यूब गायब! दुपारी पोलादपूरहून मंडळाचे अध्यक्ष भिकाजीकाका हजर. "सुहास, निवेदन लिही!" मंडळाची निवेदनं मीच लिहितो, त्यामुळे माझ्याच मलमाविरुद्धचं निवेदनही मीच लिहिलं.

अकरा जणांचं शिष्टमंडळ दवाखान्यात शिरलं. डॉक्टरीणबाईंनी निवेदन शांतपणे वाचलं. "प्रतिकार परक्याविरुद्ध हवा ना, काकू? ह्यांची त्वचा आपल्याच माणसांवर तुटून पडलीय."

आईने भिकाजीकाकांकडे पाहिलं, मग सेक्रेटरी चंदूकडे. बॅनरवर कुणाचा फोटो मोठा, यावरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं.

"म्हंजे आपल्या मंडळावानीच की!" आई म्हणाली. "बाई, हे मोठ्या डब्यात मिळतं काय?"

तांदळाच्या डब्यातून ट्यूब बाहेर आली.

वीस मार्चला हात बरेच निवळले होते. पहिला ग्लास पुढे केला. समोर पोलादपूरच्या आनंदीबाई. त्यांनी ग्लास घेतलाच नाही!

"पानी पिते रे," त्या म्हणाल्या. "आधी हात दाखव! बरं हाय ना? गावात सगळी इचारतात."

दाखवले. त्यांनी ग्लास घेतला, गटागटा प्यायल्या आणि मागे वळून ओरडल्या, "बरं हाय गो!"

मग काय, सगळी रांगच हात बघायला! दोन तास मी हात दाखवत होतो. पाणी वाटलं भिकाजीकाकांनी आणि चंदूने, शेजारी शेजारी उभं राहून. तेही मलम न लावता!